काठावर हललेला पदर

आश्विनातली सकाळ. पावसाने धुऊन पुसून ठेवलेले आभाळ, आणि त्याखाली निळ्या पाण्याचा अथांग, अलस, आत्ममग्न विस्तार. पूर्वेच्या सड्याच्या कातळपठाराआडून सूर्य अजून पुरता वर आला नव्हता. पण त्याची पहिली किरणे माडांच्या शेंड्यांवरून उडी घेऊन थेट दूरच्या पाण्यावर जाऊन बसली होती. जवळचे पाणी सावलीत, दूरचे पाणी सोन्यात. कातळवाडीच्या किनाऱ्यावर सकाळ नेहमी अशी लांबून जवळ येते.

किनाऱ्याच्या उत्तर टोकाला एक काळा, उंच, एकाकी कातळ समुद्रात पुढे झुकलेला. माथ्यावर बसण्यापुरती सपाट जागा. पिढ्यान्‌पिढ्या तिथे एक माणूस बसत आला आणि समुद्राकडे बघत आला. जाळे त्याने ओढायचे नाही, होडी त्याने वल्हवायची नाही. त्याने फक्त बघायचे. त्या वर्षी तिथे झिलू कुबल बसत असे.

कातळवाडीचे पोट रापणीवर. रापण म्हणजे सगळ्या वाडीने मिळून ओढायचे लांबलचक जाळे. माशांचा थवा किनाऱ्याशी आला की होडी त्याला वळसा घालत जाळे सोडत जाते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून बाया-बापे, म्हातारेकोतारे ते वाळूवर ओढून आणतात. पण थवा आला हे सांगायचे कोणी? वाळूवर उभ्या माणसाला समुद्र म्हणजे नुसती चमचमणारी रेघ. म्हणून वर कातळावर एक डोळा लागतो.

त्या डोळ्याने मासा पाहिला की हाताने तांबडा पंचा डोक्यावर फिरवायचा. होडी केव्हा सुटणार, कुठे वळणार, जाळे कुठे पडणार, सगळे त्या पंच्यावर. पंचा खाली तोवर होडी काठाला. पंचा वर गेला की होडी पाण्यात. लाटांच्या त्या घनगंभीर, अखंड, बधिर करून टाकणाऱ्या घोषात माणसाची हाक कुठवर पोचणार? कातळवाडीत म्हणून माणसे कापडाने बोलत.

डोळ्याची म्हणून एक चाल असते. आपल्याला वाटते, डोळा पाण्यावरून पाण्यासारखाच वाहत जातो. छे! डोळा उडी मारतो, टेकतो, पुन्हा उडी मारतो. ओल्या वाळूवरून तुरुतुरु पळणाऱ्या तुतवारी पाखरासारखा. दोन उड्यांच्या मधल्या अंतरात तो आंधळाच असतो, पण आपल्याला पत्ता लागू देत नाही, इतका लबाड. आणि उडी कुठे मारायची हे ठरवणारा तो नव्हे. मन आधी जाऊन तिथे बसते, डोळा मागाहून पोचतो. मनात बांगडा असेल तर डोळा पाण्याकडे, मनात पेज असेल तर चुलीकडे.

झिलूच्या मनात बांगड्याशिवाय काही नसे. आधी क्षितिजाची रेघ, मग पाण्यातल्या खडपांभोवतीचा फेस, मग खाडीचे तोंड, मग पुन्हा क्षितिज. बापाने शिकवलेल्या वाटेने त्याची नजर दिवसभर हिंडत राही. निळ्यावर जांभळट झाक कुठे आली, वाऱ्याच्या उलट सुरकुती कुठे पडली, कुरव पाखरांचा थवा कुठे उतरला, हे त्याला दिसे आणि इतरांना सांगूनही दिसत नसे. सगळी वाडी त्याच्या दोन डोळ्यांनी जेवत होती.

त्याची बायको जानकी. सावळी, सडसडीत, बोलताना एक भुवई वर उडवणारी. आणि लग्नाच्या पहिल्या वर्षापासून एकाच तक्रारीची धनीण. नवरा तिच्याकडे बघत नसे. माया नव्हती असे नाही, माया भरपूर होती. पण ती बोलू लागली की त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे निसटे आणि पाण्यावर जाऊन टेके.

“अवो, मी हय असंय,” ती म्हणे. “दर्यो खय पळान जाणा नाय.”

“आयकतंय गो. कान तुज्याकडेच असत.”

“नुसत्या कानांनी संसार होता काय?” आणि भुवई उडे. तेवढी उडालेली भुवई मात्र झिलूने कधी पाहिली नाही.

वेणू त्यांची लेक. बोबडे बोल नुकते सुटलेली, केसांत कण्हेरीचे फूल खोवायचा हट्ट करणारी. अंगणातल्या दगडावर बसून ती कोंबड्यांवर पाळत ठेवी, आणि कोंबडी परसात शिरली की बापासारखा फडका डोक्यावर गरगर फिरवी. घरात दोन-दोन राखणदार झाले, असे जानकी शेजारणींना सांगे. सांगताना हसे.

उन्हे माडांच्या बुंध्याशी आली की जानकी वाळूवर उभी राहून पदर हलवी. पेज तयार, असा त्याचा अर्थ. कातळावरून वाळू डाव्या हाताला. झिलू मान वळवत नसे. डोळ्याच्या अगदी काठावर काहीतरी हले, आणि त्याचा डावा हात आपसूक वर जाई: दिसलं, येतो. रोजचा पदर, रोजचा हात. एवढ्या एका खुणेवर त्यांच्या संसाराचा निम्मा कारभार चाले.

डोळ्याच्या त्या काठाचे ज्ञान मोठे चमत्कारिक. तिथे रूप कळत नाही, रंग धड कळत नाही. कळते ती फक्त हालचाल. काहीतरी हलले एवढीच बातमी काठ देतो. काय हलले, ते हवे तर वळून बघा म्हणतो. वळणे न वळणे तुमच्यावर.

त्या वर्षी नारळी पुनव होऊन गेली, भाद्रपद सरला, पण दर्याने हात आखडता घेतलेला. जाळे क्वचित पडे आणि पडले तरी शेवाळ घेऊन येई. वाडीत चुली होत्या, चुलीवर ठेवायला काही नव्हते. होडीचा तांडेल बाबल खालून कातळाकडे बघून ओरडे, “झिल्या, डोळे उघडे असत मा रे? का झोप काढतंस?”

“दर्यो मुको असा, बाबल,” झिलू खाली उतरल्यावर सांगे. “तो बोललो की सांगतंय.” तो हसून सांगे, पण पोरांची खपाटीला गेलेली पोटे त्यालाही दिसत होती.

आणि त्या सकाळी दर्या बोलला.

आधी वाटले, ढगाची सावली. आभाळात पांढरे, हलके, कामधाम नसलेले ढग हिंडत होते आणि त्यांच्या सावल्या पाण्यावर सरकत होत्या. पण एक सावली वाऱ्याला मानत नव्हती. बाकीच्या पुढे निघाल्या. ती आडवी आली. जांभळी, जडशी, जिवंत. तिच्या अंगावर बारीक शहारा उठत होता, विरत होता, पुन्हा उठत होता. बांगडा होता. एवढा बांगडा त्याने जन्मात पाहिला नव्हता.

बुडालेल्या खडपाच्या आत येईपर्यंत थांबायला हवे होते. त्याआधी जाळे टाकले तर ते खडपावर फाटणार. तोवर त्या सावलीला नजरेने धरून ठेवायचे. सावल्यांच्या त्या मेळ्यात एक सावली माशांची, बाकीच्या ढगांच्या. नजर क्षणभर हलली, तर परत आल्यावर आपली कोणती हे कोण सांगणार? झिलूने श्वास धरला. पापणी धरली. खाली होडी कमरभर पाण्यात डुलत होती, वल्ही हातात, सगळ्यांच्या माना वर, सगळ्यांचे डोळे त्याच्या उजव्या हातावर.

काठावर काहीतरी हलले.

डावा हात आपसूक उठला. रोजच्यासारखा. आणि अर्ध्यावर थबकला.

कारण आजचे हलणे रोजचे नव्हते. रोजचा पदर संथ, वाऱ्याशी खेळणारा. आजचे हलणे फाटलेले, पिसाट, धावते. वेळही पेजेची नव्हती. हे सगळे झिलूला एका निमिषात कळले. मन वळले. मन कातळावरून उतरून वाळूवर जाऊन पोचलेसुद्धा. तिथे काहीतरी भयंकर आहे असे म्हणाले, आणि डोळ्याला हाक मारली.

डोळा निघाला होता. झिलूने त्याला धरले. दावणीच्या वासराला हिसका देऊन मागे ओढावे, तसे धरले. एवढा थवा आत येऊ दे. एवढा एक थवा.

डावा हात हळूच खाली आला. उजवा हात वर गेला, तांबडा पंचा निळ्या आभाळात गरगरला, आणि होडी काठ सोडून पाण्यात झेपावली.

तिकडे घरच्या अंगणात वाळत टाकलेल्या माडाच्या चुडतांखाली तांबडा विंचू होता. वेणूने कोंबडीमागे धावताना त्यावर पाय दिला. डॉक्टर दक्षिणेकडच्या खाडीपलीकडे. सड्यावरून जायचे तर अर्धा दिवस, होडीने जायचे तर आत्ता. बाकीच्या होड्या पहाटेच बाहेर गेलेल्या, काठाला उरलेली होती ती रापणीचीच. जानकी धावत होती. एका खांद्यावर घामाने निथळणारी, काळीनिळी पडत चाललेली वेणू, दुसऱ्या हातात पदर. होडी कुणाचे ऐकत नाही, फक्त कातळावरच्या हाताचे ऐकते, हे वाडीतल्या पोराबाळांना ठाऊक. म्हणून ती होडीकडे धावत होती आणि पदर कातळाकडे हलवत होती.

ती पोचली तेव्हा होडी लाटांपलीकडे गेली होती. जाळे पडू लागले होते. दोर धरून उभ्या असलेल्या बायांनी तिला पाहिले, पंचे फिरवले, गळे फाटेस्तोवर ओरडल्या. पण होडीतल्यांचे डोळे झिलूवर, आणि झिलूचे डोळे सावलीवर. जाळ्याचा तो मोठा, मंद, महागडा वळसा पुरा झाला तेव्हाच होडी काठाला लागली.

बाबलने होडी खाडीत घातली तेव्हा जाळ्याचा दोर तसाच वाळूवर टाकला होता. त्याने आणि त्याच्या माणसांनी जीव तोडून वल्ही मारली. वेणू खाडीच्या मध्यावरच गेली. केसांत कण्हेरीचे फूल तसेच होते.

इकडे मागे राहिलेल्यांनी जाळे ओढले आणि वाळूवर बांगड्याचा ढीग पडला. रुपेरी, निळसर, अजून उड्या मारणारा. उपाशी वाडीच्या दाराशी आलेले एवढे अन्न; पण त्या दिवशी कुणी मासा चुलीवर चढवला नाही. मीठ लावून ठेवला आणि सगळे उपाशीच निजले.

जानकीने एकदाच विचारले. सुतक फिटल्यावर, अंगणात, दगडाजवळ.

“मी पदर हलयलंय. तुमका दिसलो नाय?”

झिलू समुद्राकडे बघत होता. “नाय गो,” तो म्हणाला. “माका दिसलो नाय.”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने भुईवर पडलेला वेणूचा फडका उचलला, झटकला, घडी घालून आत नेला. तिने पुन्हा कधी विचारले नाही.

लोक समजूत घालायला येत. तांबडा विंचू तो, वेळेत पोचते तरी पोर वाचते कशावरून, असे म्हणत. बाबल म्हणाला, “झिलू, तुजो काय दोष? तू तुजा काम करी होतंस.” प्रत्येक सांत्वन झिलूला बाभळीच्या काट्यासारखे आत रुतून बसे, आणि काढायची सोय नसे. वाचती कशावरून, हे खरे. आणि नसती वाचली कशावरून?

पुढे तर आणखीच विपरीत झाले. वाडीला त्या दिवसाचा अभिमान वाटू लागला. नजर असावी तर झिलूसारखी, म्हाताऱ्या माणसांनी पोरांना सांगावे. स्वतःची बायको पदर हलवत होती, पण याची नजर माशावरून ढळली नाही. दर नारळी पुनवेला, नारळ सोडताना, कुणीतरी ती कथा सांगे. झिलू मान खाली घालून ऐके. लोकांना तो विनय वाटे.

आणि गंमत अशी, की त्याची नजर तर त्या दिवसापासून ढळलीच होती. आता काठावर जे हले तिकडे ती धावे. कावळ्याचा पंख, दोरीवरचे लुगडे, माडाचे पान, लांबच्या होडीचे शीड. धावे, बघे, काही नसे. परत येई तोवर सावल्यांत सावल्या मिसळून गेलेल्या. किती थवे त्याने असे हरवले ते त्यालाच माहीत. पण समुद्रावर मोठमोठे ट्रॉलर आले, मासाच काठाला येईनासा झाला, आणि झिलूच्या डोळ्याचे पाप त्या मोठ्या पापाखाली झाकून गेले. रापण अधूनमधून पडे, मग सणासुदीला पडे, मग पडेनाशी झाली. झिलू मात्र कातळावर जाऊन बसत राहिला, आणि जानकी त्याची पेज झाकून ठेवत राहिली.

केस पांढरे झाले. गुडघे कुरकुरू लागले. मग एका सकाळी एक कुरव नाहीसा झाला.

झिलू त्याच्याकडे बघत होता. पांढराशुभ्र कुरव खडपावर बसलेला. बघता बघता त्याच्या जागी राखाडी धूसर डाग आला. झिलूने नजर बाजूला केली. कुरव परत होता. पुन्हा बघितले, पुन्हा नव्हता. हळूहळू सगळेच तसे झाले. ज्याच्याकडे बघावे ते जावे, ज्याच्याकडे बघू नये ते राहावे. क्षितिजाकडे बघितले की क्षितिज मधोमध तुटे. पेजेच्या ताटलीकडे बघितले की कडा दिसे, पेज दिसत नसे.

तालुक्याला डोळ्यांचे शिबिर भरले तेव्हा तो एकटाच जाऊन आला. डॉक्टरीणबाईने दिवा लावून आत पाहिले आणि समजुतीच्या सुरात सांगितले, आजोबा, पडद्याचा मधला भाग झिजला आहे. समोरचे जाईल, कडेचे दिसत राहील. झिलू हसला. त्या बिचारीला वाटले, म्हातारा धीराचा आहे.

धीर कसला! त्याला वाटले, कुणीतरी अगदी मोजून मापून न्याय केला. ज्या डोळ्याने हट्टाने समोर बघितले त्याचे समोर गेले. ज्या काठाकडे तो वळला नाही, तो काठ तेवढा उरला.

घरी येऊन त्याने जानकीला सांगितले, मोतीबिंदू आहे, पिकला की काढतील. दुसरी थाप. का मारली? कारण खरे सांगायचे तर ‘माका दिसणा नाय’ म्हणावे लागणार होते, आणि ते शब्द त्याने एकदा वापरून विटाळून ठेवले होते. ते आता त्याच्या तोंडून निघत नव्हते.

आणि मग एका दुपारी त्याला जानकी दिसली.

ओटीवर दोघे बसली होती. ती कोकमे फोडत होती. झिलू सवयीने दाराबाहेर समुद्राकडे बघत होता, तुटलेल्या क्षितिजाकडे. आणि डोळ्याच्या डाव्या काठावर एक चेहरा होता. धूसर, पण होता; समोरचे गेल्यापासून काठ थोडेफार रूपही सांगू लागला होता. पिकलेले केस, गालांवरच्या रेषांचे जाळे, कोकमाने तांबडी झालेली बोटे. काहीतरी बोलता बोलता एक भुवई वर उडाली. एवढी वर्षे ही भुवई अशी उडत होती?

हावरटासारखा तो वळला, नीट बघावे म्हणून. ती पुसली गेली. त्याने पुन्हा समुद्राकडे तोंड केले. ती परत आली.

त्या दिवसापासून झिलूने आपल्या बायकोला बघायचा सपाटा लावला. ती बोले तेव्हा, न बोले तेव्हा, वात करताना, तांदूळ निवडताना, उन्हात केस सुकवताना. तासन्‌तास. सारा जन्म ज्याच्यासाठी त्याने तिला नजरेआड केले, त्या समुद्राकडे तोंड करून तो आता तिलाच बघत होता. उभ्या आयुष्यात त्याने तिच्याकडे असे कधी बघितले नव्हते, आणि हे तिला सांगायची सोय नव्हती.

तिला दिसत होते ते एवढेच: नवरा, आणि नवऱ्याची समुद्राला लागलेली नजर. म्हातारपणीही सुटली नाही, उलट वाढली. रापण मोडली, होड्या कुजल्या, तरी हा माणूस तिच्या खांद्यावरून पलीकडेच बघतो आहे. तिच्या आत कुठेतरी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तापत असलेले पाणी आता उकळीला आले होते.

पुन्हा आश्विन आला. कलती दुपार. कातळावर चढणे आता झिलूला जमत नव्हते. वाळूवर पालथ्या घातलेल्या, भेगाळलेल्या जुन्या होडीला टेकून तो बसला होता. जानकी त्याच्या डाव्या हाताला बसून बाबलच्या नातीच्या लग्नाचे काही सांगत होती. सांगता सांगता थांबली. तो समुद्राकडे बघत होता.

“आता खयचो मासो बघतास?” तिचा आवाज चढला. “कोणाक खावक घालूचो असा?”

त्याची मान वळली नाही.

तेव्हा तिने हात पुढे केला, त्याची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवले. खसकन. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर तरी याने बघितले होते का, कोण जाणे.

“मराच्या आदी एकदा तरी माज्याकडे बघा,” ती म्हणाली. आवाज फाटला होता. “दिसतंय मा मी?”

झिलूने बघितले. सरळ, समोर, दोन्ही डोळ्यांनी. वाळू दिसली. कातळ दिसला. माडांची रांग, तिच्यावरचे कलते ऊन, लांबून येणारी लाट, होडीच्या फळीवर बसलेला खेकडा, सगळे दिसले. फक्त मधोमध, जिथे जानकी होती तिथे, राखाडी डाग होता.

एक ‘होय’ पुरला असता. तो ओठांशी येऊन उभाही होता. थाप मारणे त्याला नवीन नव्हते, आणि ही तर मायेची थाप झाली असती. जानकीची बोटे हनुवटीवर तशीच होती. झिलूला वाटले, एवढे म्हणून टाकावे आणि मरून जावे.

“जानकी,” तो म्हणाला, “तुज्याकडे बघलंय की तू दिसणंस नाय. दर्याकडे बघलंय की दिसतंस.”

तिला काही कळले नाही. मग त्याने सांगितले, तुटक तुटक. शिबिर, दिवा, झिजलेला पडदा, समोरचे गेलेले, कडेचे उरलेले. ओटीवरची कोकमे, उडालेली भुवई. सांगता सांगता तो एके ठिकाणी आला आणि तिथे वाट संपली. पुढे जायचे तर मागेच जावे लागणार होते.

“आणि त्या दिवशी,” तो म्हणाला. “त्या दिवशी दिसलो होतो. पदर. माका दिसलो होतो गो.”

बोटे हनुवटीवरून निघाली.

राखाडी डागात काही कळत नव्हते. ती रडते आहे, की रागाने बघते आहे, की उठून निघाली आहे? तो नजर बाजूला करून बघू शकला असता. केली नाही. आज तिच्यावरून नजर काढायची नाही, ती दिसो वा न दिसो, असे त्याने ठरवले होते. लाट आली, वाळूत विरली. दुसरी आली.

“ठावक असा माका,” डागातून आवाज आला. अगदी शांत. “तुमचो डावो हात वर इलो होतो. अर्ध्यावर इलो नि खाली गेलो. मी धावतंय नि त्या हाताकडेच बघतंय.”

एवढी वर्षे. एवढ्या नारळी पुनवा. ती कथा, ती वाहवा, आणि बायकांच्या घोळक्यात मागे उभी असलेली ही.

“मगे बोललंस नाय कित्या?”

“तुमी सांगशात म्हणान वाट बघलंय.”

क्षमा केली, असे ती म्हणाली नाही. नाही केली, असेही म्हणाली नाही. वेणूचे नाव दोघांनीही घेतले नाही; ते नाव त्या दोघांच्या मधोमध, एका पालथ्या होडीएवढ्या जागेत, गप्प बसून होते. झिलू रडत होता. रडण्यालाही आपला हक्क नाही असे वाटून आवाज न करता रडत होता.

सूर्य पाण्याकडे उतरला. ऊन तांबूस झाले, वाळू तांबूस झाली. मग ती बोटे परत आली. खरबरीत, कोकमाचा आंबट वास असलेली. त्यांनी त्याची हनुवटी धरली. या वेळी खसकन नव्हे. आणि जन्मभर ज्याच्याशी तिचे वैर होते, त्या समुद्राकडे तिने नवऱ्याचे तोंड आपल्या हाताने हळूहळू वळवले.

ती जराशी सरकली. अदमास घेत, अजून जराशी. “दिसतंय आता?”

समोर दर्या होता, मधोमध तुटलेला. आणि डाव्या काठावर ती होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. पाण्याकडे बघत होती, दूर, बुडालेल्या खडपाच्या आत, जिथे एकदा एक सावली आडवी आली होती.

“दिसतंस,” तो म्हणाला.

खाडीकडून वारा सुटला. काठावर पदर हलला. आणि झिलूचा डावा हात मांडीवरून उठला, जड होत, अर्ध्यावर आला, तिथे थांबला नाही. वर गेला, आणि वरच राहिला.